कटआउट ते डायोड : बॅटरीला ‘पुरे’ कोण म्हणते?

महामार्गावरच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपरीवर तासभर बसले, तर तीन शब्द हमखास कानावर पडतात : सेल्फ, डायनमो आणि कटआउट. ‘सेल्फ घेत नाही’, ‘डायनमो चार्जिंग देत नाही’, ‘कटआउट गेलाय’. यांपैकी सेल्फ म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर. ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दाचा मागचा भाग गळून उरलेला शब्द. ज्याला डायनमो म्हणतात, तो गेली कित्येक दशके डायनमो राहिलेलाच नाही. तो अल्टरनेटर आहे. आणि कटआउट नावाचा भाग तर आजच्या गाडीत औषधालाही सापडत नाही. वाडा पडून तिथे इमारत उभी राहते, तरी पत्ता वाड्याच्याच नावाने सांगितला जातो, तसेच हे आहे. वस्तू गेल्या, नावे राहिली.

मी शिक्षणाने अभियंता नाही. जुनी वर्कशॉप मॅन्युअल रद्दीतून गोळा करायची, समजेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायची आणि जे समजले नाही ते कारागिरांना विचारायचे, या मार्गाने गेली पंचवीसेक वर्षे मोटारीतल्या विजेचा अभ्यास करतो आहे. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. मोटारीतल्या विजेचा इतिहास नेहमी वीज निर्माण करण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. खरे तर वीज निर्माण करणे हा त्यातला सोपा भाग होता. अवघड होते ते कुठे थांबायचे हे ठरवणे. बॅटरीला ‘पुरे’ म्हणण्याचे हे काम आधी माणसाने केले, मग लोखंडाच्या पट्टीने, मग सिलिकॉनच्या कपच्याने, आणि आता ते संगणकाकडे गेले आहे. प्रत्येक हस्तांतरात काही मिळाले, काही हातचे गेले. त्याचा हा मागोवा.

बॅटरीची नेमकी भूक

आधी बॅटरीची अडचण समजून घेऊ, कारण सारे रामायण तिच्यासाठीच घडले. शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांनी १८५९ साली तयार केली. १८८१ साली कामीय फोर यांनी शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढली आणि ही बॅटरी कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवण्याजोगी झाली. आज गाडीच्या बॉनेटखाली असते ती याच घराण्यातली. तिच्या एका कप्प्याचा दाब साधारण २.१ व्होल्ट. असे सहा कप्पे एकापुढे एक जोडले, की पूर्ण भरलेल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात.

तिला भरायचे, तर बाहेरून दिलेला दाब याहून थोडा जास्त हवा. किती जास्त? साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट. त्याहून कमी दिला, तर बॅटरी अर्धपोटी राहते, पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि तिची साठवणूक कायमची घटते. जास्त दिला, तर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू बाहेर पडू लागतात, पाणी आटते, पत्रे कुजतात. शिवाय ही मर्यादा हवामानाप्रमाणे सरकते. थंड बॅटरीला थोडा जास्त दाब लागतो, तापलेल्या बॅटरीला कमी. महाबळेश्वरच्या डिसेंबरात जो दाब योग्य, तोच नागपूरच्या मे महिन्यात जास्त ठरतो.

आता दुसरी बाजू पाहा. वीज निर्माण करणारे यंत्र पट्ट्याने इंजिनाला जोडलेले. इंजिन सिग्नलला मिनिटाला सात-आठशे फेरे घेते, तर मोकळ्या रस्त्यावर चार-पाच हजार. फेरे वाढले की वीजही त्या प्रमाणात वाढणार. म्हणजे वेग सहा-सातपट बदलला, तरी दाब अर्ध्या व्होल्टानेही हलता कामा नये. पाटाला कधी धार, कधी लोंढा येत असताना वाफ्यात मात्र ठरल्याइतकेच पाणी जावे, अशी ही मागणी आहे.

यावर उपाय एकच. यंत्रात तयार होणारा दाब दोन गोष्टींवर ठरतो : फिरण्याचा वेग आणि चुंबकाचे बळ. वेग चालकाच्या पायाखाली आहे, त्याला हात लावता येत नाही. मात्र चुंबक विजेवर चालणारा असेल, तर त्याच्या वेटोळ्यातला प्रवाह कमी-जास्त करून त्याचे बळ बदलता येते. वेग वाढला की चुंबक दुबळा करायचा, वेग उतरला की बळकट. मोटारीत टिकलेल्या सगळ्या उपायांचे मूळ या एका वाक्यात आहे.

वीज जन्मते ती उलटसुलटच

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवून दिले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये इपोलित पिक्सी या उपकरणे बनवणाऱ्या कारागिराने हाताने फिरवायचे यंत्र तयार केले. त्यात चुंबकाचे उत्तर टोक तारेच्या वेटोळ्याजवळून गेले की प्रवाह एका दिशेने वाहायचा, दक्षिण टोक गेले की उलट दिशेने. म्हणजे ती वीज जन्माने प्रत्यावर्ती, आजच्या भाषेत एसी, होती. त्या काळी लोकांना ठाऊक होती ती व्होल्टाच्या घटातली, एकाच दिशेने वाहणारी वीज. या उलटसुलट प्रवाहाचे करायचे काय, हे कळेना. आम्पेर यांच्या सूचनेवरून पिक्सीने यंत्राला दिशा पालटणारा जोड बसवला, आणि बाहेर येणारा प्रवाह एकाच दिशेचा झाला. हाच कॉम्युटेटर.

पुढच्या डायनमोंमध्ये कॉम्युटेटर म्हणजे फिरत्या दांड्यावर गोलाकार बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्या. त्यांवर कार्बनचे ब्रश घासत राहतात. वेटोळ्यातला प्रवाह उलटला, की नेमक्या त्याच क्षणी ब्रशखालची पट्टी बदलते, त्यामुळे बाहेर दिशा कायम राहते. १८६६-६७ च्या सुमारास व्हेर्नर सीमेन्स, व्हीटस्टन आणि व्हार्ली यांनी वेगवेगळ्या वाटांनी आणखी एक गोष्ट साधली. कायमचा चुंबक नको; लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर यंत्र सुरू होते आणि स्वतःच्याच विजेने आपला चुंबक बळकट करत नेते. डायनमो आपल्या पायावर उभा राहिला.

बॅटरीला एकाच दिशेची वीज लागते आणि डायनमो ती देतो, म्हणून दोघांची जोडी जमली. पण एक गोष्ट ध्यानात ठेवू. ही एकदिश वीज घासणाऱ्या ब्रशांच्या जोरावर, ठिणग्या सोसून मिळवलेली होती. तिची किंमत पुढे चुकवावी लागली.

रेल्वेच्या डब्याखालचा पट्टा

कमी-जास्त वेगाने धावणाऱ्या वाहनात बॅटरी भरण्याचा प्रश्न मोटारीच्या आधी रेल्वेपुढे आला. १८९० च्या दशकात लंडनजवळच्या डेप्टफर्डच्या जे. स्टोन आणि कंपनीने त्यावर काढलेला तोडगा आजही वाचताना गंमत वाटते. डब्याखाली डायनमो लोंबता टांगायचा आणि चाकाच्या आसाशी तो पट्ट्याने जोडायचा. गाडीचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की ओढीने डायनमो आसाकडे खेचला जाई, पट्टा सैल पडून घसरू लागे आणि डायनमोचा वेग जवळजवळ तेवढाच राही. चुंबकाला हात न लावता, पट्ट्याच्या घसरण्यातून साधलेले हे नियमन होते. ही पद्धत साम्राज्यभर पसरली, भारतातही आली. डब्याखालून जाणारा रुंद पट्टा आणि पेट्यांतल्या बॅटऱ्या हे आपल्याकडच्या जुन्या प्रवाशांच्या पाहण्यातले दृश्य आहे. पुढे आपल्या रेल्वेनेही डायनमो सोडून ब्रश नसलेले अल्टरनेटर स्वीकारले.

पण पट्टा घसरणे म्हणजे शक्ती वाया जाणे आणि पट्टा झिजणे. आगगाडीला ते परवडत होते. लहान मोटारीला वेगळी वाट शोधावी लागली.

केटरिंगचे १९१२

सुरुवातीच्या मोटारीत चार्जिंगची गरजच नव्हती. दिवे कार्बाइडच्या गॅसचे, ठिणगीसाठी मॅग्नेटो, आणि इंजिन चालू करायला पुढून घातलेले हँडल. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१५ च्या सुमारास विजेचे पुढचे दिवे आले, पण ते थेट मॅग्नेटोवर जळत. इंजिन जोरात तर दिवे लख्ख, इंजिन मंद तर दिवे मिणमिणते. म्हणजे वळणावर, जिथे उजेड हवा, तिथे चालकाने वेग कमी केला की अंधार. नियमन नसलेली वीज कशी असते, याचे याहून सोपे उदाहरण मला मिळालेले नाही.

हँडल मारणे हा तर जिवाशी खेळ होता. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. अमेरिकेतल्या डेटन शहरातले चार्ल्स केटरिंग यांनी आधी गल्ला मोजणाऱ्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तिथे त्यांना समजले होते, की मोटर क्षणभरच चालवायची असेल, तर लहान मोटरकडूनही मोठे काम करून घेता येते. तेच तत्त्व त्यांनी गाडीला लावले आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत सेल्फ आला. त्यांच्या डेल्को कंपनीच्या त्या रचनेत एकच यंत्र आधी मोटर म्हणून इंजिन फिरवी आणि इंजिन चालू झाले की डायनमो म्हणून बॅटरी भरी.

इतिहासात सेल्फचे कौतुक होते, ते रास्तच आहे. पण सेल्फने एक नवी जबाबदारी आणली, तिच्याकडे कमी लक्ष जाते. सेल्फ म्हणजे मोठी बॅटरी, आणि मोठी बॅटरी म्हणजे रोजचे चार्जिंग. ‘पुरे’ म्हणण्याचा प्रश्न १९१२ पासून प्रत्येक नव्या मोटारीच्या पोटात शिरला.

चालकच नियामक

पहिले स्वस्त उत्तर होते तिसरा ब्रश. डायनमोला दोन मुख्य ब्रश असतात. त्यांच्या अध्येमध्ये आणखी एक ब्रश बसवून चुंबकाच्या वेटोळ्याला त्यावरून वीज द्यायची. वेग आणि प्रवाह वाढला, की डायनमोतले चुंबकीय क्षेत्र एका बाजूला झुकते आणि तिसऱ्या ब्रशच्या जागी मिळणारा दाब घटतो. चुंबक आपोआप दुबळा होतो. त्यामुळे मध्यम वेगापर्यंत चार्जिंग वाढे आणि त्यापुढे उलट कमी होई. १९२८ ते १९३१ या काळातल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीत हीच रचना होती.

युक्ती छान, पण तिला बॅटरीची दखलच नव्हती. बॅटरी रिकामी असो वा काठोकाठ भरलेली, प्रवाह तोच. म्हणून ‘पुरे’ म्हणण्याचे काम चालकाकडे आले. थंडीत सेल्फ जास्त लागतो, रात्र मोठी, दिवे जास्त. तेव्हा तिसरा ब्रश सरकवून चार्जिंग वाढवायचे. उन्हाळ्यात कमी करायचे. लांबचा दिवसाचा प्रवास असेल, तर जादा वीज खर्ची पडावी म्हणून भर उन्हात दिवे लावून गाडी हाकायची. डॅशबोर्डवरचा अँपिअरचा काटा तेव्हा शोभेचा नव्हता. तो वाचता येणे हा गाडी चालवण्याचाच भाग होता.

यानंतर आली ती काळ्या झाकणाची पेटी, जिला आपल्याकडे सरसकट कटआउट हे नाव पडले. खरे तर कटआउट हा त्या पेटीतला एक भाग. इंजिन मंद झाले की डायनमोचा दाब बॅटरीपेक्षा उतरतो आणि बॅटरीतली वीज उलटी डायनमोत जाऊ लागते. ती वाट तोडणारे चुंबकीय कुलूप म्हणजे कटआउट. दुसरा भाग दाबाचा नियामक. एका वेटोळ्याने लोखंडी पट्टी ओढून धरायची. दाब वाढला की पट्टी ओढली जाऊन संपर्कबिंदू उघडतात, चुंबकाच्या वाटेत अडथळा येतो, दाब उतरतो, स्प्रिंग पट्टी परत आणते. सेकंदाला पन्नासपासून दोनशे वेळा ही उघडझाप चाले. कान लावला तर तिची गुणगुण ऐकू येई. बऱ्याच पेट्यांत तिसरा भाग प्रवाहाच्या नियामकाचा असे, कारण रिकाम्या बॅटरीने बेसुमार प्रवाह ओढला, तर डायनमोचे आर्मेचर जळून जाई.

कटआउट, दाब-नियामक, प्रवाह-नियामक : तीन पहारेकरी. १९३० च्या दशकात असे नियामक रूढ होत गेले आणि चालकाची ब्रश सरकवण्याची कटकट संपली. पण पेटी उघडता येत होती. संपर्कबिंदू काळवंडले तर पॉलिश पेपरने साफ करता येत होते, स्प्रिंगचा ताण जुळवता येत होता. ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार चालकाकडून यंत्राकडे गेला, तरी त्या यंत्राचा कान मेकॅनिकच्या हातात राहिला.

डायनमो कुठे अडला

दुसऱ्या महायुद्धानंतर गाडीतली विजेची मागणी वाढत गेली. रेडिओ, हीटर, जोरकस दिवे आले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी गाड्या सहा व्होल्ट सोडून बारा व्होल्टवर गेल्या. दुसरीकडे शहरातली गर्दी वाढली आणि गाड्या सिग्नलला थांबून राहू लागल्या. डायनमोची खरी दुबळी जागा इथेच होती. इंजिन मंद असताना तो चार्जिंग देतच नसे.

मग पट्ट्याची चाकी लहान करून डायनमो जोरात का फिरवला नाही? कारण कॉम्युटेटर. डायनमोत वीज तयार करणारे वेटोळेच फिरते. गाडीला लागणारा सगळाच्या सगळा प्रवाह घासणाऱ्या ब्रशांतून बाहेर येतो. वेग फार वाढला तर ब्रश उड्या मारतात, ठिणग्या पडतात, आर्मेचरच्या तारा केंद्रोत्सारी जोराने उचकटू पाहतात. ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांत सर्रास असणारा लुकासचा सी-४० हा डायनमो २२ अँपिअर द्यायचा. यापुढे जायचे, तर डायनमो मोठा आणि जड करणे एवढाच मार्ग उरत होता.

यावर तोड जुनीच होती : पिक्सीची मूळची उलटसुलट वीज. वेटोळे स्थिर ठेवा, चुंबक फिरवा. मोठा प्रवाह स्थिर वेटोळ्यातून, ब्रशशिवाय बाहेर काढा. ब्रश लागतील ते फक्त फिरत्या चुंबकाला तीन-चार अँपिअर पोचवायला, आणि तेही अखंड गुळगुळीत कड्यांवर घासणारे. असे यंत्र कितीही जोरात फिरवता येते. अडचण एकच : बाहेर येते ती एसी आणि बॅटरीला हवी डीसी. मधे एकाच दिशेने वाट देणारी झडप हवी.

अमेरिकेतल्या लीस-नेव्हिल कंपनीने १९४० च्या दशकात लष्करी वाहनांसाठी आणि पुढे पोलिसांच्या गाड्या, रुग्णवाहिका, टॅक्सी यांच्यासाठी अल्टरनेटर बनवले. थांबलेल्या गाडीत वायरलेस चालू ठेवणाऱ्यांना ते परवडत. त्यांतली झडप सेलेनियमच्या तबकड्यांची होती. ती मोठी, महाग, वेगळी बसवावी लागणारी. जर्मेनियमचा डायोड लहान, पण इंजिनाजवळच्या उष्णतेत टिकेना. सिलिकॉनचा डायोड मात्र दीडशे अंश सेल्सियसच्या आसपासही काम करतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो मोठ्या संख्येने बनू लागला, आणि अल्टरनेटरच्या पोटातच बसवता येईल इतका लहान झाला. १९६० च्या मॉडेलची क्रायस्लरची व्हॅलियंट ही असा अल्टरनेटर घेऊन आलेली पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली मोटार. १९६३ पर्यंत जनरल मोटर्सही त्याच वाटेवर आली.

तीन पहारेकऱ्यांतला एकच उरला

अल्टरनेटर उघडून पाहिला, तर आत फिरतो तो रोटर. पंजासारखी लोखंडी नखे एकमेकांत अडकवलेले दोन तुकडे आणि मधे एकच वेटोळे. या रचनेत एका वेटोळ्यातून बहुधा बारा चुंबकध्रुव मिळतात. बाहेरच्या स्थिर कड्यात तीन वेटोळी, आणि मागे डायोड प्लेटवर सहा डायोड. तीन वेटोळ्यांतल्या एसीच्या लाटा एकापाठोपाठ येतात. डायोड प्रत्येक लाटेचा माथा एकाच दिशेने वळवतात. बाहेर पडते ती जवळपास सपाट डीसी.

या बदलात तीन पहारेकऱ्यांचे काय झाले, हा मला या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. डायोड उलटा प्रवाह जाऊच देत नाही, म्हणून कटआउटची गरज संपली. रोटरचा वेग वाढतो तशी एसीची वारंवारता वाढते आणि स्थिर वेटोळी स्वतःच तिला जास्त विरोध करू लागतात, त्यामुळे प्रवाह आपोआप एका कमाल मर्यादेवर अडतो. प्रवाह-नियामकाची गरजही संपली. उरला तो एकटा दाब-नियामक. त्याचीही थरथरणारी पट्टी पुढे गेली. क्रायस्लरने १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक नियामक आणला, आणि त्या दशकात तो लहान होत होत अल्टरनेटरच्या आत, ब्रशांशेजारी जाऊन बसला. मेकॅनिक ज्याला ‘आयसी’ म्हणतात तो हाच. आत एक झेनर डायोड दाबाची मर्यादा सांभाळतो. ती ओलांडली की ट्रान्झिस्टर रोटरचा प्रवाह तोडतो, दाब उतरला की पुन्हा जोडतो. तत्त्व काळ्या पेटीचेच. फक्त घासणारे, जळणारे काही उरले नाही.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवाही या यंत्राचा भाग आहे. अल्टरनेटर लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर मंद वेगात सुरू होत नाही, कारण तेवढा दाब डायोडमधून पलीकडे पोचतच नाही. म्हणून चावी फिरवताच या दिव्यातून थोडा प्रवाह रोटरला मिळे आणि चुंबक जागा होई. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि दिवा विझतो. जुन्या रचनेत तो दिवाच उडाला, तर कित्येकदा चार्जिंगच सुरू होत नसे.

कुर्ला, पाडी आणि आपली टपरी

हे सगळे आपल्याकडे उशिरा आले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ मध्ये कुर्ल्यात गाड्या जोडायला सुरुवात केली, ती याच क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने. पण क्रायस्लरने अल्टरनेटर आणला, तेव्हा कुर्ल्यातून फियाट बाहेर पडत होती, आणि ती डायनमोवर चालत होती. १९६१ मध्ये मद्रासजवळच्या पाडी इथे लुकास-टीव्हीएस उभी राहिली आणि गाड्यांचे विजेचे भाग देशात बनू लागले. परवान्यांच्या त्या काळात गाडीची रचना वर्षानुवर्षे बदलत नसे, त्यामुळे ॲम्बॅसिडर आणि पद्मिनी बराच काळ डायनमो बाळगून होत्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती अल्टरनेटर घेऊनच. दोन्ही युगे एकाच रस्त्यावर, एकाच मेकॅनिकच्या हाताखाली आली.

या दोन युगांच्या सांध्यावर काम केलेल्या पुण्या-नगरकडच्या काही कारागिरांशी मी बोललो आहे. त्यांच्या ज्ञानाची कुठे नोंद नाही, म्हणून दोन उदाहरणे देतो. डायनमो दुरुस्त करून बसवला, की बॅटरीची तार त्याच्या फील्डच्या टोकाला क्षणभर टेकवायची. लोखंडातले चुंबकत्व योग्य दिशेने जागे करण्याची ही रीत. कारागीर म्हणत, ‘डायनमोला आठवण करून द्यायची.’ दुसरी रीत चार्जिंग तपासण्याची. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढायची. इंजिन चालू राहिले तर डायनमो ठीक.

हीच दुसरी रीत अल्टरनेटरवर वापरली की घात होई. बॅटरी हा दाबाचा उसळता भाग पोटात घेणारा तलाव आहे. जोरात चार्जिंग चालू असताना तो तलावच काढून घेतला, तर क्षणभर दाब शंभर व्होल्टच्या घरात उसळू शकतो आणि डायोड, आयसी मरतात. तसेच बॅटरी उलटी जोडण्याचे. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक सांगाड्याला जोडलेले असे आणि डायनमोला त्याचे काही वाटत नसे. अल्टरनेटरचे डायोड मात्र उलटी बॅटरी एक क्षणही सहन करत नाहीत. काल जे शहाणपण होते, ते आज नुकसान ठरले. यात कारागिरांचा दोष नव्हता. नवे यंत्र आले, पण त्याची भाषा शिकवणारे कोणी बरोबर आले नाही. मॅन्युअल इंग्रजीत आणि विक्रेत्याच्या कपाटात. टपरीवरच्या माणसाने हा धडा डायोड जाळून, पदरमोड करून शिकला. कारखान्यांचे अहवाल छापले गेले. या शिक्षणाचा खर्च कोणत्याच हिशेबात धरला गेलेला नाही.

आणि तरीही त्याने ते यंत्र आपलेसे केले. अल्टरनेटर पूर्ण बदलण्याऐवजी एकटा डायोड काढून नवा ठोकणे, रोटरची झिजलेली कडी बदलणे, स्टेटर रिवाइंड करणे, आयसी बाहेरून जोडून गाडी घरी पोचवणे, ही सगळी कौशल्ये रस्त्याच्या कडेला घडली. त्याने नावे मात्र जुनीच ठेवली. डायनमो म्हणजे चार्जिंग देणारा, कटआउट म्हणजे आवरणारा. आतले यंत्र बदलले, तरी त्या दोन कामांतला फरक त्याच्या शब्दांनी अचूक जपला आहे.

आता ‘पुरे’ संगणक म्हणतो

आजच्या अनेक गाड्यांत चार्जिंगचा दाब ठरवतो तो इंजिनाचा संगणक. बॅटरीच्या उणे टोकावर बसवलेला संवेदक प्रवाह, दाब आणि तापमान मोजतो. गाडी वेग घेत असेल तर चार्जिंग कमी करून इंजिनावरचा भार हलका करायचा. ब्रेक लागला की वाढवून फुकट जाणारी गती बॅटरीत घ्यायची. मीटर लावून १२.८ व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर बिघडला की संगणकाने मुद्दाम कमी केला, हे आता नुसते मीटर सांगू शकत नाही. २०१५ पासून आपल्याकडच्या काही गाड्यांत सेल्फ आणि अल्टरनेटर यांचे काम पट्ट्यावरचे एकच यंत्र करू लागले. केटरिंगने १९१२ मध्ये केले होते ते शंभर वर्षांनी परत आले, कारण मधल्या काळात त्याला आवरणारी इलेक्ट्रॉनिक्स तयार झाली.

विजेवर चालणाऱ्या गाडीत तर अल्टरनेटर नाहीच. मोठ्या बॅटरीतला उच्च दाब उतरवून एक परिवर्तक बारा व्होल्टची लहान बॅटरी भरतो. तिथे फिरणारे काही नाही, पट्टा नाही, ब्रश नाही. पण ती बारा व्होल्टची बॅटरी आहे, आणि तिला केव्हा ‘पुरे’ म्हणायचे हा प्रश्न प्लाँतेच्या काळाइतकाच ताजा आहे.

हे हस्तांतर चुकीचे झाले, असे मला म्हणायचे नाही. दर ऋतूत ब्रश सरकवण्याचे दिवस परत यावेत असे कोणालाच वाटणार नाही. आजची बॅटरी वर्षानुवर्षे पाणी न घालता चालते, ती या नियमनामुळेच. पण तिसरा ब्रश चालकाला कळत होता, काळी पेटी मेकॅनिकला कळत होती, आयसी निदान बदलता येत होता. आजचा निर्णय मात्र कंपनीच्या स्कॅनरशिवाय वाचताही येत नाही. ‘पुरे’ म्हणणारा जितका हुशार झाला, तितका तो वापरणाऱ्यापासून दूर गेला. गाडी कोणी दुरुस्त करायची, किती पैशांत, आणि तो हक्क कोणाचा, हे आजचे वाद त्यातूनच उभे राहिले आहेत.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या, तेव्हा त्यांच्या रंगाबद्दल, मीटरबद्दल, छतावरच्या कॅरिअरबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्यांचे डायनमो बांधणाऱ्या, कटआउटची पट्टी कानाने जुळवणाऱ्या माणसांबद्दल फारसे कोणी लिहिले नाही. ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. ज्यांच्या ओळखीत असा एखादा कारागीर असेल, त्यांनी त्याच्यापुढे एक जुना डायनमो ठेवावा आणि तो काय सांगतो ते वहीत उतरवून घ्यावे. पेटंटची नोंद जगात कुठे ना कुठे सापडते. ही नोंद केली, तर आपणच करणार आहोत.